फुकट आणि मुक्त यांतला फरक: घरातल्या जुन्या लॅपटॉपच्या निमित्ताने

घरातला जुना लॅपटॉप ठेवायचा की भंगारात द्यायचा, ही चर्चा सध्या बऱ्याच घरांत चालू आहे. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याचा कॉलेजचा लॅपटॉप इंदूरच्या घरी राहिला. वडोदऱ्याच्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला लॅपटॉप आता नऊ-दहा वर्षांचा झाला. यंत्र तसं ठणठणीत आहे. पडदा स्वच्छ, कळा शाबूत, बॅटरी तेवढी जरा दमलेली. पण चालू केलं की विंडोज १० ची मुदत संपल्याची सूचना येते. दुकानात विचारलं तर उत्तर तयारच असतं, "नवीनच घ्या, काका."

नवीन घेण्याआधी दहा मिनिटं हे वाचा. पैसे वाचतील हा एक फायदा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, संगणकात ठेवलेल्या आपल्याच वस्तूंवर आपली मालकी किती आणि दुसऱ्याची किती, याचा विचार या निमित्ताने करता येईल.

मुदत संपली म्हणजे काय झालं?

विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. कोणत्याही मोठ्या प्रोग्राममध्ये अधूनमधून फटी सापडतात आणि बनवणारे त्या बुजवत राहतात. बुजवणं थांबलं की फट चोराला माहीत आणि घरमालकाला नाही, अशी गत होते. म्हणून अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करत राहणं शहाणपणाचं नाही.

मग विंडोज ११ का घालू नये? तिथे घोडं अडतं. त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि कंपनीने ठरवलेल्या यादीतलाच प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्या यादीच्या बाहेर आहेत. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेला लॅपटॉप कितीही छान चालत असला तरी बहुधा नापास. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने एक वर्षाच्या जादा दुरुस्त्यांची सोय जाहीर केली, ३० डॉलर भरून किंवा आपल्या सेटिंग्जची प्रत कंपनीच्या खात्यात ठेवून. वेळ काढायला ते ठीक आहे, पण त्याने प्रश्न वर्षभर पुढे जातो, सुटत नाही.

तिसरी वाट लिनक्सची. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या आहेत. त्यांतली लिनक्स मिंट ही घरगुती माणसांना सगळ्यात सोयीची, असं माझं मत. २००६ पासून ती चालू आहे. तिला किमान २ जीबी मेमरी पुरते, ४ जीबी असेल तर आरामात चालते. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, वर खिडक्या बंद करायचं फुलीचं बटण, म्हणजे सवयीचंच सगळं. फायरफॉक्स ब्राउझर आणि लिब्रेऑफिस आधीच बसवलेलं येतं.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे बसवण्याआधी ती चाखून बघता येते. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती उतरवायची आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. आतल्या विंडोजला आणि फाइलींना धक्का लागत नाही. वायफाय जोडलं जातं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे बघून घ्यायचं. पटलं तर बसवायचं, नाहीतर पेन ड्राइव्ह काढून पुन्हा चालू करायचं. पेन ड्राइव्हवरून कारभार जरा संथ चालतो, तेवढं धरून चाला.

कोणी हे करावं आणि कोणी करू नये?

ज्यांचं काम मेल बघणं, कीर्तन-भजन ऐकणं, बातम्या वाचणं, मुलांशी व्हिडिओवर बोलणं, सोसायटीचं पत्र लिहिणं आणि फोटो लावून ठेवणं एवढं आहे, त्यांना यात फारसं काही कमी पडणार नाही. मराठी टंकनाचीही सोय आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो आणि उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर एक छोटा जोड-प्रोग्राम बसवावा लागतो. इनस्क्रिप्टची एक गंमत सांगतो. त्यात 'क'ची कळ सगळ्या भारतीय लिप्यांसाठी तीच असते. आजीने मराठीसाठी शिकलेल्या कळांवर बंगळुरूचा नातू कन्नड टाइप करू शकतो.

पण ज्यांचं दुकानाचं हिशेब-खातं विंडोजवरच्या ठरावीक प्रोग्राममध्ये आहे, ज्यांना जीएसटी किंवा आयकराच्या कामासाठी डिजिटल सहीचं टोकन लावावं लागतं, जे फोटोशॉपवर पोट भरतात, त्यांनी उडी मारू नये. काही गोष्टी चालतात, काही खटपट केल्यावर चालतात, काही चालतच नाहीत. "लिनक्सवर सगळं चालतं" असं छातीठोक सांगणारा भाचा प्रत्येक घरात एक असतो. त्याचा उत्साह कामाला लावा, पण धंद्याचं यंत्र त्याच्या हाती देऊ नका.

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

लिनक्स मिंटला पैसे पडत नाहीत म्हटलं की घरातली जाणती माणसं भुवया उंचावतात. फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार. ही शंका अगदी रास्त आहे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने मोठा घोळ केला आहे. आपल्याकडे मात्र सुदैवाने दोन शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. फुकट ही किमतीची गोष्ट. मुक्त ही हक्काची.

गोड्या मसाल्याचं बघा. पाकिटातला मसाला कंपनी उद्या फुकट वाटू लागली तरी त्यात काय आणि किती घातलंय ते तिलाच ठाऊक. तिने चव बदलली की तुमच्या आमटीची चव बदलली. तिने पाकीट बंद केलं की संपलं. याउलट आईने प्रमाणासकट कृती लिहून दिली असेल तर धने वाढवा, दगडफूल कमी करा, जावेला लिहून द्या, हवं तर मसाले करून विका. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कृतीसकट मिळालेलं सॉफ्टवेअर. ते हव्या त्या कामासाठी वापरायचा, आत उघडून बघायचा, बदलायचा आणि दुसऱ्याला द्यायचा हक्क त्याच्या परवान्यातच लिहिलेला असतो.

हा विचार मांडला अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी, आणि त्याचं एक कारण होतं प्रिंटर. एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्टॉलमन यांनी सुधारणा करून घेतली होती, त्यामुळे तिथे कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा. नव्या प्रिंटरलाही तशीच सोय करावी म्हटलं, तर प्रोग्रामची 'कृती' द्यायला नकार मिळाला. दुरुस्त करू शकणारा माणूस समोर उभा असूनही हात बांधलेले. पुढे २७ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी संपूर्ण मुक्त प्रणाली बनवण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने त्या खटाटोपात राहिलेला गाभा लिहिला. तो गाभा म्हणजे लिनक्स.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या लोकांचं. पण अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. कोणत्याही प्रकारचा व्हिडिओ निमूटपणे चालवणारा, भगव्या-पांढऱ्या शंकूचं चित्र असलेला व्हीएलसी प्लेअर हाही मुक्तच. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो सुरू झाला आणि २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली आला. लग्नाची जुनी सीडी दुसऱ्या कशातच चालत नाही तेव्हा आपण त्यालाच शरण जातो.

आता नुसतं फुकट असलेल्याचं उदाहरण बघा. ऑर्कुट आठवतं? एका पिढीच्या मैत्रीच्या गप्पा, वाढदिवसाचे फोटो, वहिनीच्या माहेरच्यांशी झालेली ओळख, सगळं तिथे होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. गुगल फोटोजने २०१५ मध्ये थोड्या कमी दर्जाचे फोटो अमर्याद ठेवायची सोय दिली आणि १ जून २०२१ पासून ती काढून घेतली. आता नवे फोटो खात्याच्या १५ जीबीत मोजले जातात. यात कोणी फसवणूक केली असं मी म्हणत नाही. दुकान त्यांचं, नियम त्यांचे. मात्र पाच-सहा वर्षांचे फोटो एका जागी साठल्यावर ते हलवणं किती जिकिरीचं होतं, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

खरा प्रश्न फाइलींचा

लॅपटॉप जुना झाला तर दुसरा घेता येतो. आत लिहून ठेवलेलं उघडलंच नाही तर? मराठी घरांत हा प्रश्न फार जवळचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

समजा, १९९८ साली तुमच्या कुळवृत्तांताचं काम झालं. काकांनी ग्वाल्हेर, सागर, तंजावर इथल्या शाखांना पत्रं पाठवून माहिती जमवली, डीटीपीवाल्याने ती टाइप केली, पुस्तक छापलं, वाटलं. फाइल सीडीवर राहिली. आज नवी पिढी जोडून दुसरी आवृत्ती काढायची म्हणून नात ती फाइल उघडते, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी.

फाइल बिघडलेली नाही. त्या काळी फाँट बनवणाऱ्या कंपन्या रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवत असत. संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरंच लिहिलेली असायची, फाँट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवायचा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, कोणत्या जागी कोणतं अक्षर हेही वेगळं. फाँट हरवला की मुखवटा गळून पडतो आणि खालची खिचडी दिसते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली आयएससीआयआय नावाचं सरकारी मानक प्रसिद्ध झालं होतं, देवनागरीला युनिकोडमध्येही त्याच वर्षी जागा मिळाली होती. पण डीटीपीच्या दुकानांत चालले ते आपापले फाँट. एका दुकानात टाइप केलेलं दुसऱ्या दुकानात उघडत नसे आणि गिऱ्हाइकाला पुन्हा पहिल्याच दुकानाची पायरी चढावी लागे.

अशी फाइल वाचवता येते. आधी ती कोणत्या फाँटमध्ये आहे ते शोधायचं. मग त्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारं रूपांतरक वापरायचं. बऱ्याच जुन्या फाँटसाठी ती फुकट मिळतात. रूपांतर झाल्यावर डोळ्यात तेल घालून वाचायचं. 'र'ची रूपं, म्हणजे सूर्य, प्रकाश, दऱ्या अशा शब्दांतली, पहिल्या वेलांट्या, अनुस्वार आणि जोडाक्षरं इथे हमखास गडबड होते. 'ॲ' हे मराठीचं अक्षर युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ मध्ये, त्यामुळे 'ॲड्.' आणि 'ॲना' हे शब्दही तपासा.

एक सावधगिरी. "आमच्याकडे पीडीएफ आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. जुन्या फाँटमधल्या फाइलीची पीडीएफ दिसायला सुरेख असते, पण तिच्यातलं एखादं नाव शोधा किंवा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा. तीच खिचडी पुन्हा बाहेर येईल. अशा पीडीएफमध्ये पानाचं रूप टिकतं, मजकूर टिकत नाही.

आणि ती मूळ फाइल पेजमेकरची असेल तर? पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ ची. ज्या प्रोग्रामवर मराठीतली अगणित पुस्तकं, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका जुळवल्या गेल्या, तो आता कोणी विकत नाही. इथे मदतीला येतं लिब्रेऑफिस. त्याच्या 'ड्रॉ' या भागात पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय आहे. पानं जशीच्या तशी येत नाहीत, मांडणी विस्कटते, फाँटचं रूपांतर वेगळं करावंच लागतं. पण मजकूर हाती लागण्याची वाट उघडते. मेलेल्या प्रोग्रामच्या फाइली वाचून कोणत्या कंपनीला नफा होणार? मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र ते काम हाती घेतलं. कुलूप बनवणारा दुकान बंद करून गेला, तरी किल्ली घडवणारे कोणीतरी राहिले. मुक्त सॉफ्टवेअरचा मला वाटणारा मोठेपणा हा आहे.

फाँटचंही तसंच. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता, रेड हॅटने दिलेला लोहित, गुगलचा नोटो हे देवनागरी फाँट मुक्त परवान्याचे आहेत. कुळवृत्तांत असो की बारशाची पत्रिका, त्यांत छापायला कोणाची परवानगी लागत नाही आणि शुल्कही पडत नाही.

मुक्त म्हणजे निर्धोक का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने पाठपुरावा केला. तेव्हा कळलं की फाइली आकसून छोट्या करणाऱ्या 'एक्सझेड' नावाच्या मुक्त प्रोग्रामात कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. तो सांभाळणारा मुख्य माणूस एकटा होता, थकलेला होता. मदतनीस म्हणून आलेल्याने दोन-एक वर्षं विश्वास कमावला आणि मग डाव साधला.

यातून दोन गोष्टी दिसतात. प्रोग्राम उघडा होता म्हणून बाहेरच्या माणसाला तो चोरदरवाजा शोधता आला. आणि आपण ज्याला फुकट म्हणतो त्याच्यामागे कोणाची तरी विनामोबदला मेहनत असते. ती गृहीत धरली की ती माणसं थकतात आणि त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. एखादा मुक्त प्रोग्राम तुमच्या रोजच्या वापरात असेल तर वर्षाला शे-दोनशे रुपये त्याच्या बनवणाऱ्यांना पाठवायला हरकत नाही. पैसे नकोत तर भाषा द्या. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस मराठीत दिसतात ते स्वयंसेवकांनी केलेल्या भाषांतरामुळे. निवृत्त शिक्षकांइतकी त्या कामाला लायक मंडळी दुसरी कोण?

दुसरी अडचण रोजची आहे. अडलं तर फोन कोणाला करायचा? कंपनीचा मदत क्रमांक नसतो, मदत मिळते ती बहुतेक इंग्रजीत. केरळमध्ये शाळांतले संगणक कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवर चालतात, त्यामुळे तिथे शिक्षकांना आणि मुलांना ती ओळखीची आहे. आपल्याकडे संगणक शिकणं म्हणजे एका कंपनीच्या प्रोग्रामची बटणं पाठ करणं, असा समज रुजला. मग बटणाची जागा बदलली की शिकलेला माणूसही गांगरतो. मुलांना पत्र लिहायला, हिशेब मांडायला शिकवा, प्रोग्राम कोणताही असो.

या रविवारी करण्यासारखं

• जुन्या लॅपटॉपमधले फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. नवी प्रणाली बसवण्याच्या नादात हे राहून गेलं तर परत मिळत नाही.
• लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. ज्याला तो लॅपटॉप वापरायचाय त्यालाच समोर बसवा.
• सध्याच्या विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स महिनाभर वापरा. हात बसला की पुढची पायरी सोपी जाते.
• घरातल्या जुन्या मराठी फाइली शोधा. आजोबांच्या आठवणी, आईच्या पाककृती, मंडळाचा अहवाल, काहीही. फाँट ओळखा, युनिकोडमध्ये आणा.
• महत्त्वाचा मजकूर ओडीटी या मांडणीतही साठवा. २००६ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते उघडण्याचा हक्क एका कंपनीकडे नाही.

विंडोज वाईट आणि लिनक्स चांगलं, असा वाद मला घालायचा नाही. दोन्ही अवजारं आहेत. ज्याचं काम जिथे होतं तिथे त्याने ते करावं. पण नवा फोन घेताना, नवं ॲप उतरवताना, मुलांचे फोटो कुठेतरी चढवताना किंमत विचारतो तसा आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय घरात लावून घ्या: उद्या हे दुकान बंद झालं, तर माझ्या हाती काय उरेल? उत्तर 'सगळं' असेल तर बिनधास्त वापरा. उत्तर 'काहीच नाही' असेल तर वापरा जरूर, पण एक प्रत आपल्या कपाटात ठेवून.